चालू बॅकअप मध्येच थांबवायची वेळ आली तर

रात्री लावलेला बॅकअप पहाटेपर्यंत आटोपायला हवा होता. सकाळ झाली, लोक कामाला लागले, तरी तो चालूच आहे. अ‍ॅप्लिकेशन रखडतंय, डिस्कवरची मोकळी जागा भराभर कमी होतेय आणि जो तो एकच विचारतोय, "थांबवू का?" विचारणाऱ्याच्या मनात खरी भीती असते ती वेगळीच. बॅकअप मध्येच तोडला तर चालू डेटाबेसला काही होणार तर नाही?

डेटाबेसमधला डेटा त्याने सहसा बिघडत नाही. बॅकअप हे मुळात वाचण्याचं काम आहे. तो टेबलांमधल्या ओळी किंवा डेटाच्या फाइली वाचतो आणि दुसरीकडे लिहितो. मूळ डेटा बदललेलाच नसतो, त्यामुळे रोलबॅक करण्यासारखंही, म्हणजे बदल मागे घेण्यासारखंही, जवळपास काही नसतं. नुकसान होतं ते आजूबाजूला. अर्धवट फाइल पूर्ण समजून जपून ठेवली जाते. बॅकअपसाठी लावलेला लॉक किंवा चालू केलेला मोड तसाच राहून जातो. कधी नवा बॅकअप घेण्याआधी स्क्रिप्टने जुना पुसलेला असतो आणि मग हातात दोन्ही नसतात. हे सगळं टाळता येतं, पण त्यासाठी बॅकअप चालू असताना आत काय चाललेलं असतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

आत काय चाललेलं असतं

चालू डेटाबेसची नक्कल काढणं हे कुणीतरी नोंदी करत असलेल्या खातेवहीची नक्कल उतरवण्यासारखं आहे. तुम्ही पन्नासाव्या पानावर असताना कुणी तिसऱ्या पानावरची रक्कम ऐंशीव्या पानावर वळवली, तर तुमच्या नकलेत ती दोनदा दिसेल. हे टाळण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि थांबवण्याचे परिणामही त्यावरच ठरतात.

पहिली पद्धत लॉजिकल बॅकअपची. यात टेबलांमधल्या ओळी वाचून वेगळ्या फाइलीत उतरवतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी-डंप आणि मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएल-डंप ही रोजची साधनं. पीजी-डंप सुरुवातीलाच एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र धरलेल्या कामांचा एक गट, उघडतो आणि त्या क्षणी डेटा जसा होता तसाच शेवटपर्यंत पाहतो. याला स्नॅपशॉट म्हणतात. मायएसक्यूएल-डंपला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिला तर इनोडीबी (मायएसक्यूएलची नेहमीची साठवणपद्धत) टेबलांसाठी तोही असंच करतो. हा पर्याय दिला नाही, तर तो एकेका डेटाबेसची टेबलं लॉक करून वाचतो आणि तेवढा वेळ त्या टेबलांवर लिहिणाऱ्यांना थांबावं लागतं.

स्नॅपशॉट फुकट मिळत नाही. बॅकअपला जुनं चित्र दिसत राहावं म्हणून डेटाबेसला बदललेल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूम ही साफसफाई चालते, पण ती त्या मेलेल्या ओळी उचलू शकत नाही. इनोडीबीमध्ये अनडू लॉगची, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या नोंदींची, साठवण वाढत जाते. बॅकअप तासाभरात संपणार असेल तर हा भार जाणवत नाही. तो दहा-बारा तास चालला आणि त्याच वेळी डेटाबेसवर अपडेट जोरात चालू असतील, तर टेबलं फुगतात आणि क्वेरी मंदावतात. बॅकअप तोडल्यावर ते ट्रान्झॅक्शन संपतं आणि साफसफाईची वाट मोकळी होते. फुगलेली फाइल मात्र आपोआप लहान होत नाही. तिच्यातली जागा पुढच्या ओळींसाठी वापरली जाते, एवढंच.

दुसरी पद्धत फिजिकल बॅकअपची. यात डेटाच्या फाइलीच जशाच्या तशा उचलतात. कॉपी चालू असताना फाइली बदलत असतात, म्हणून एकट्या फाइली एकमेकींशी जुळत नाहीत. त्या काळात झालेल्या बदलांचा लॉगही सोबत घेतात आणि रिस्टोअर करताना तो लावून सगळं एका क्षणापर्यंत आणतात. पीजी-बेसबॅकअप, पर्कोनाचं एक्स्ट्राबॅकअप, ओरॅकलचं आरमॅन, एसक्यूएल सर्व्हरची 'बॅकअप डेटाबेस' ही आज्ञा, सगळ्यांचा गाभा हाच. इथे किंमत मोजावी लागते ती लॉगच्या बाजूने. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फुल बॅकअप चालू असेपर्यंत ट्रान्झॅक्शन लॉग आतून मोकळा होत नाही, म्हणून लांबलेल्या बॅकअपच्या दिवशी लॉगची फाइल वाढत गेलेली दिसते.

थांबवायचा की नाही

आधी दोषी खरंच बॅकअप आहे का ते पाहावं. पोस्टग्रेसमधला एक प्रसंग इतक्यांदा घडतो की तो जवळून पाहण्यासारखा आहे. पीजी-डंप प्रत्येक टेबलवर सर्वात हलका लॉक घेतो. त्याने ना वाचणारे अडतात, ना लिहिणारे. अशात कुणीतरी 'ऑल्टर टेबल', म्हणजे टेबलाची रचना बदलणारी आज्ञा, चालवतं. त्याला सर्वात कडक लॉक हवा असतो, म्हणून तो बॅकअप संपायची वाट पाहत उभा राहतो. आता त्या टेबलवर येणारा प्रत्येक नवा साधा सिलेक्टसुद्धा या ऑल्टरच्या मागे रांगेत लागतो. बाहेरून दिसतं असं की बॅकअपने साइट बंद पाडली. प्रत्यक्षात तो एक ऑल्टर रद्द केला की रांग क्षणात सुटते आणि बॅकअपही वाया जात नाही. माझ्या मते अशा वेळी बॅकअप मारणं चुकीचंच. टेबलाचा बदल तासाभराने पुन्हा करता येतो, सात तास चाललेला बॅकअप पहिल्यापासून घ्यावा लागतो.

मायएसक्यूएलमध्ये याच्या उलटा अनुभव येतो. काही बॅकअप सुरुवातीला किंवा शेवटी थोड्या वेळासाठी सगळी टेबलं फ्लश करून, म्हणजे उघडी टेबलं बंद करून, वाचनापुरती लॉक करतात. एखादी लांबलचक क्वेरी आधीच चालू असेल तर हा फ्लश तिच्यासाठी थांबतो आणि बाकी सगळे त्याच्यामागे अडकतात. इथे बॅकअप किल केला तरी 'वेटिंग फॉर टेबल फ्लश' ही अवस्था जात नाही. त्या जुन्या क्वेरीला संपवावं लागतं.

मग बॅकअप किती पुढे गेला आहे ते पाहावं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू रिक्वेस्टच्या व्ह्यूमध्ये (स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यात) 'पर्सेंट कम्प्लीट' हा रकाना असतो. ओरॅकलमध्ये लाँग-ऑप्सच्या व्ह्यूमध्ये झालेलं आणि एकूण काम दिसतं. पोस्टग्रेसने तेराव्या आवृत्तीपासून बेसबॅकअपच्या प्रगतीसाठी वेगळा व्ह्यू दिला आहे. पीजी-डंप आणि मायएसक्यूएल-डंप टक्केवारी सांगत नाहीत. तिथे कोणतं टेबल चालू आहे आणि फाइल किती वाढली यावरून अंदाज बांधायचा. नव्वद टक्के झालेलं काम आणखी अर्धा तास सोसणं बहुतेक वेळा परवडतं.

मधला मार्गही असतो. अडचण डिस्कच्या वेगाची असेल तर लिनक्सवर आयोनाइस वापरून चालू प्रोसेसची डिस्कसाठीची प्राथमिकता उतरवता येते, मात्र त्याचा परिणाम डिस्कच्या शेड्युलरवर अवलंबून असतो. पीजी-बेसबॅकअपला वेगाची मर्यादा सुरू करतानाच देता येते, आरमॅनलाही. चालू असताना ती लावता येत नाही, म्हणून ती पुढच्या वेळेसाठीची तजवीज.

एक मोह मात्र टाळा. प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन 'पॉज' करायचं आणि रात्री पुन्हा चालू करायचं. वरवर शहाणपणाचं वाटतं, पण स्नॅपशॉट आणि लॉक तसेच धरून ठेवलेले असतात. काम पुढे सरकत नाही आणि भार मात्र पूर्ण पडतो, शिवाय एवढा वेळ शांत राहिलेलं कनेक्शन वाटेत कुठेतरी तुटण्याचीही शक्यता असते.

एकाच परिस्थितीत फार विचार न करता थांबवावं: बॅकअपची फाइल आणि डेटाबेस एकाच डिस्कवर आहेत आणि ती डिस्क भरत आली आहे. पोस्टग्रेसला बदलांचा लॉग लिहायला जागा मिळाली नाही तर सर्व्हर बंद पडतो. चालू डेटाबेस वाचवणं आधी.

आणि थांबवण्याआधी एक फाइल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी: याआधीचा पूर्ण झालेला बॅकअप. तो कुठे आहे, कोणत्या तारखेचा आहे, त्याचा आकार नेहमीइतका आहे का. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत जे झालं ते यासाठीच आठवावं. चुकीच्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसली गेली आणि बॅकअप शोधायला गेल्यावर साठवणीची जागा रिकामी निघाली. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि पीजी-डंप ९.२ चा चालत होता, म्हणून तो दर वेळी त्रुटी देऊन बंद पडत होता. ते सांगणारे ईमेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेला डिस्कचा एक स्नॅपशॉट होता, त्यावरून सगळं उभं केलं आणि मधला डेटा गेला. 'कालचा असेलच' या भरवशावर आजचा बॅकअप तोडू नये.

खिडकी बंद केली म्हणजे काम थांबलं असं नाही

डंप घेणारा प्रोग्राम क्लायंट असतो आणि त्याच्यासाठी वाचण्याचं काम सर्व्हरवरचं सेशन करतं. क्लायंट मेल्याचं सर्व्हरला बहुधा तेव्हा कळतं जेव्हा तो पुढचा डेटा पाठवायला जातो. म्हणून कंट्रोल-सी दाबल्यावर सर्व्हरवर एकदा पाहायचं. मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट' चालवून ते कनेक्शन अजून दिसत असेल तर त्याच्या क्रमांकाने 'किल'. पोस्टग्रेसमध्ये चालू सेशनच्या व्ह्यूमध्ये पीजी-डंप स्वतःच्या नावाने दिसतो. आधी 'पीजी कॅन्सल बॅकएंड' वापरावं, ते चालू क्वेरी रद्द करतं. तेवढ्याने भागलं नाही तर 'पीजी टर्मिनेट बॅकएंड', ते पूर्ण सेशन संपवतं.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'किल -९' ला मात्र पोस्टग्रेसच्या सर्व्हर प्रोसेसवर हात लावू देऊ नये. एक बॅकएंड असा अचानक मेला की शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून पोस्टग्रेस बाकीची सगळी सेशन्स तोडतो आणि क्रॅश रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. एका बॅकअपसाठी सगळ्या वापरकर्त्यांना बाहेर काढल्यासारखं होतं. पीजी-डंप या क्लायंट प्रोसेसला -९ दिल्याने असं होत नाही, पण घाईत दोन्हींतला फरक ओळखता येईलच असं नाही. साधा किल पुरतो.

ओरॅकलच्या डेटा पंप या एक्स्पोर्टच्या साधनात तर कंट्रोल-सी दाबून काम थांबतच नाही. एक्स्पोर्टचं काम सर्व्हरवर चालू राहतं आणि तुमच्यासमोर फक्त 'एक्स्पोर्ट' असं लिहिलेला प्रॉम्प्ट येतो. तिथे 'स्टॉप जॉब' म्हटलं तर काम थांबतं आणि नंतर 'स्टार्ट जॉब' देऊन तिथूनच पुढे नेता येतं. 'किल जॉब' म्हटलं तर काम कायमचं संपतं आणि तयार झालेल्या डंप फाइलीसुद्धा पुसल्या जातात. या दोन आज्ञांमध्ये गल्लत झाली तर परतीचा रस्ता नाही, म्हणून टाइप करण्याआधी एक श्वास घ्यावा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअपच्या सेशनला 'किल' दिल्यावर ते कधीकधी 'किल्ड/रोलबॅक' या अवस्थेत बराच वेळ अडकलेलं दिसतं. बहुतेक वेळा नेटवर्कवरचं शेअर किंवा टेप उत्तर देत नसते आणि सेशन त्याचीच वाट पाहत असतं. त्या बाजूची अडचण सोडवावी. केवळ हे सेशन दिसेनासं करण्यासाठी पूर्ण सर्व्हर रीस्टार्ट करणं महागात पडतं.

अजून एक जागा चटकन लक्षात येत नाही: बॅकअप चालवणारी स्क्रिप्ट. तुम्ही आतला डंप मारलात, पण बाहेरची स्क्रिप्ट जिवंत आहे. तिने परिणाम तपासला नाही तर ती पुढच्या ओळीवर जाते, अर्धवट फाइल अपलोड करते, 'बॅकअप झाला' असा मेल पाठवते आणि शेवटच्या ओळीत सात दिवसांपूर्वीचा जुना बॅकअप पुसते. म्हणून आधी स्क्रिप्ट थांबवावी, मग डंप. शेड्युलरमधून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय असेल तर तीही तेवढ्यापुरती बंद करावी, नाहीतर पाच मिनिटांत दुसरा बॅकअप उभा राहतो.

मागे काय राहिलं

सेशन संपलं की त्याने घेतलेले साधे लॉक आपोआप सुटतात. काही गोष्टी मात्र सेशनच्या नसून संपूर्ण डेटाबेसच्या असतात आणि त्या कुणीतरी बंद करेपर्यंत चालूच राहतात. ओरॅकलमध्ये आरमॅनशिवाय हाताने बॅकअप घेताना 'बिगिन बॅकअप' म्हणून डेटाबेस बॅकअप मोडमध्ये टाकतात. फाइलींची कॉपी मध्येच तोडली आणि 'एंड बॅकअप' द्यायचं राहिलं, तर रिडू लॉग (बदलांचा लॉग) नेहमीपेक्षा बराच जास्त तयार होत राहतो. त्यात डेटाबेस अचानक बंद पडला, तर पुन्हा सुरू होताना त्या फाइली रिकव्हरी मागतात. बॅकअपच्या व्ह्यूमध्ये कुठल्या फाइलीपुढे 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतंय का ते पाहून मोड बंद करावा.

मोंगोडीबीमध्ये फाइली किंवा डिस्कचा स्नॅपशॉट घेण्याआधी काही जण 'एफसिंक लॉक' लावतात. स्क्रिप्ट त्यानंतर मारली गेली तर कुलूप तसंच राहतं आणि सगळं लेखन अडतं. 'एफसिंक अनलॉक' दिलं की सुटतं, पण लॉक जितक्या वेळा लावला असेल तितक्या वेळा तो काढावा लागतो. एकदा दिलं आणि काही झालं नाही म्हणून घाबरू नये, पुन्हा द्यावं.

पोस्टग्रेसमध्ये जुन्या एक्सक्लुझिव्ह पद्धतीची अशीच अडचण होती. बॅकअप चालू असताना सर्व्हर कोसळला तर मागे राहिलेल्या लेबल फाइलमुळे तो कधीकधी पुन्हा उभाच राहत नसे. २०२२ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीत ही पद्धत काढून टाकली. आताच्या पद्धतीत बॅकअप सुरू करणारं सेशन तुटलं की बॅकअपही रद्द झाला असं आपोआप धरलं जातं.

आता त्या अर्धवट फाइलीबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते, कारण ती काही महिन्यांनी, नेमकी रिस्टोअरच्या दिवशी, दगा देते. समजा मायएसक्यूएल-डंपचा आउटपुट पाइपने जीझिप या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रामकडे जातोय आणि तुम्ही फक्त डंप मारला. जीझिपला वाटतं इनपुट संपलं. तो आपली फाइल व्यवस्थित बंद करतो आणि यशस्वी झाल्याचा कोड परत देतो. शेल पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचाच कोड पाहतो, म्हणून स्क्रिप्टला सगळं ठीक वाटतं. जीझिपची तपासणी चालवली तरी ती पास होते, कारण दाबलेली फाइल निर्दोषच आहे. फक्त तिच्या आतला डेटाबेस अर्धा आहे. यावर उपाय स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' चालू करणं, म्हणजे पाइपमधला कुणीही अयशस्वी झाला की सगळं अयशस्वी ठरतं. आणि हाताने खात्री करायची तर फाइल उलगडून तिच्या शेवटच्या ओळी पाहणं. मायएसक्यूएल-डंपचा पूर्ण डंप, टिपा बंद केल्या नसतील तर, 'डंप कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख यावर संपतो. पीजी-डंपच्या साध्या टेक्स्ट फाइलीच्या शेवटी 'पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस डंप कम्प्लीट' असं असतं. शेवटची ओळ एखाद्या इन्सर्टच्या मध्येच तुटलेली दिसली की समजायचं.

डंप नेहमी तात्पुरत्या नावाने लिहावा आणि पूर्ण झाल्यावरच त्याला खरं नाव द्यावं. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं क्षणात होतं, अर्धवट राहत नाही. मग मध्येच तोडलेली फाइल चुकूनही खऱ्या बॅकअपच्या रांगेत बसत नाही.

अर्धवट फाइल पुसूनही डिस्कवर जागा दिसत नसेल तर कुठलीतरी प्रोसेस ती अजून उघडी ठेवून बसली आहे, एलएसओएफ या आज्ञेने ती सापडते. क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर थेट अपलोड चालू असेल तर तुटलेल्या मल्टिपार्ट (तुकड्यांनी होणाऱ्या) अपलोडचे तुकडे यादीत दिसत नाहीत, पण साठवणीचे पैसे लागत राहतात. ते रद्द करायचा नियम लावून ठेवावा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'इनिट' हा पर्याय देऊन रोज एकाच फाइलीवर बॅकअप घेत असाल तर सावध राहा. जुना बॅकअप सुरुवातीलाच ओव्हरराइट होतो. मध्येच थांबवलं की कालचा गेलेला आणि आजचा अपुरा. रोज वेगळं नाव हा एवढासा बदल ही अडचण पूर्ण काढतो. बाकी साखळी तुटण्याची भीती बाळगायचं कारण नाही. अपुरा फुल बॅकअप पुढच्या डिफरन्शियलचा (फुल बॅकअपनंतरचे बदलच घेणाऱ्या बॅकअपचा) पाया बनत नाही, आधीचाच पाया कायम राहतो. अपुऱ्या लॉग बॅकअपने लॉगही कापला जात नाही, पुढचा लॉग बॅकअप तोच भाग पुन्हा घेतो.

पुन्हा घेताना

थांबवलेलं काम सगळीकडे वाया जात नाही. आरमॅन बॅकअपचे पूर्ण झालेले तुकडे कंट्रोल फाइलमध्ये नोंदवत जातं. 'नॉट बॅक्ड अप सिन्स टाइम' म्हणून आधीची वेळ दिली की ज्या फाइली झाल्या आहेत त्या सोडून उरलेल्याच घेतल्या जातात. डेटा पंपचं थांबवलेलं काम पुढे नेता येतं हे वर आलंच. आरमॅनच्या फिजिकल पद्धतीत हे शक्य होतं, कारण प्रत्येक फाइल थोड्या वेगळ्या वेळेची असली तरी लॉग लावून सगळ्यांना एका क्षणावर आणता येतं.

पीजी-डंप आणि मायएसक्यूएल-डंप मात्र पहिल्या टेबलपासूनच पुन्हा सुरू करावे लागतात. आधीच्या प्रयत्नात उतरवलेली टेबलं कितीही नीट असली तरी ती त्या स्नॅपशॉटच्या क्षणाची होती आणि तो स्नॅपशॉट ट्रान्झॅक्शनबरोबरच संपला. जुन्या फाइलीतले ग्राहक आणि नव्या फाइलीतल्या ऑर्डरी जोडल्या तर ज्यांचा ग्राहकच सापडत नाही अशा ऑर्डरी निघतील. दर वेळी वेळ पुरत नसेल तर पीजी-डंपला डिरेक्टरी स्वरूपात अनेक जॉब देऊन समांतर चालवावं, ते सगळे जॉब एकच स्नॅपशॉट वाटून घेतात. किंवा रेप्लिका (मुख्य डेटाबेसचे बदल लावत राहणारी दुसरी प्रत) असेल तर बॅकअप तिच्यावर न्यावा. तिथे तो लांबला तर मुख्य सर्व्हरवरच्या लोकांचं काम सहसा अडत नाही, मात्र पोस्टग्रेसची रेप्लिका बदल लावण्यासाठी लांबलेली क्वेरी स्वतःच रद्द करू शकते, म्हणून तिथली थांबण्याची मर्यादा आधी वाढवून ठेवावी.